दुसरा निरोप

माझ्या मायचा डावा कान लहानपणीच गेला. तिच्याशी बोलायचं तर उजवीकडं येऊन बोलायचं, हे आम्हा भावंडांना कुणी शिकवलं नाही. दूध पिता पिता कळलं असावं. पंगतीत ती डावीकडचं टोक धरते, म्हणजे सगळं जग उजवीकडं राहतं. गल्लीतल्या दोघी-तिघी तिला मागून 'भैरी' म्हणतात, पण त्याही डावीकडून म्हणतात, त्यामुळं आजवर भांडण झालेलं नाही.

हा कान निजामाच्या राजवटीत गेला. माय तेव्हा परकर नेसायच्या वयाची होती. तिच्या वडलांच्या घरी, म्हणजे आम्ही आज राहतो त्याच जागेवर, बीडच्या जुन्या गावात नदीच्या अंगाला, माणसं गुपचूप जमायची. सरहद्दीपलीकडच्या कॅम्पातून निरोप यायचे, पत्रकं यायची. मायला काम एकच दिलेलं: दाराच्या दगडी पायरीवर बसून सागरगोटे खेळायचे. खेळ चालू म्हणजे सगळं ठीक. गल्लीच्या तोंडाशी शिपाई दिसला की हातातून सुटल्यासारखे करून गोटे पायऱ्यांवर सोडून द्यायचे. दगडावर त्यांचा जो खडखडाट होतो तो आतल्या खोलीपर्यंत जायचा.

एका दुपारी तसं झालं. आतली माणसं परसातल्या भिंतीवरून नदीत उतरून गेली. त्यांत मायचा मामा होता. शिपायाला घरात चुलीवरचं पिठलं तेवढं सापडलं, ते त्यानं लाथाडलं. बाहेर येताना त्याचा पाय एका गोट्यावरून घसरला आणि उरलासुरला सगळा राग त्यानं मायच्या कानफटात काढला. तेव्हापासून तो कान बंद.

"मंग पुढं काय झालं?" असं आम्ही लहानपणी विचारायचो. माय म्हणायची, "काय व्हायचं? पिठलं सांडलं व्हतं, ते पुसलं."

ही गोष्ट माझ्या दोस्तानं माझ्याइतक्याच वेळा ऐकलेली. तो केजकडच्या युसूफवडगाव या गावचा. शिकायला बीडला आला, आमच्या गल्लीत खोली करून राहिला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या स्टोव्हवरची खिचडी बघून माय म्हणाली, "हे काय कुत्र्याला घालतो का? उद्यापासून इकडं ये." तेव्हापासून त्याचं ताट माझ्या ताटाशेजारी. मायला तो मावशी म्हणतो. माझी चुगली करायची असली तरी तिच्या उजव्या कानाशी जाऊन करायचा. पुढं मी बसस्टँडवर गाड्या पुकारायच्या कामाला लागलो आणि तो शाळेत इतिहास शिकवायला. आवाज माझा साऱ्या तालुक्याच्या ओळखीचा, पण बोलणं त्याचं. मी पुकारलं की लोकांना गाडी सापडायची. तो बोलायला लागला की लोकांची गाडी चुकायची.

निवृत्त झाल्यावर त्यानं गावात वॉक सुरू केला. मुक्तिसंग्रामाच्या जागा पायी फिरवून दाखवायच्या. रविवारी सकाळी वेशीपाशी जमायचं, मग जुनी कचेरी, झेंडा लागला ते मैदान, बारव, असं करत करत नदीवर जाऊन थांबायचं. सुरुवातीला आम्ही दोघं, दोन-चार निवृत्त मास्तर आणि वेशीतलं एक कुत्रं. मग कॉलेजची पोरं येऊ लागली, पुण्याहून माणसं येऊ लागली. आपल्या गावाकडं कुणीतरी मान वर करून बघतंय याचा मला लई अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. मीच त्याला म्हटलं, "नदीवर जायच्या आधी आमच्या दारात थांब. घर पाडून स्लॅब टाकला, पन पायऱ्या त्याच हायेत. आन् माय बी हाय."

मायनं हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी पायऱ्या घासताना दिसली. तिच्या मामाचा पुढं सत्कार झाला, शाल मिळाली, शाळेत फोटो लागला. पायरीवरच्या पोरीला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. आपली गोष्ट एकदा चारचौघांत कुणीतरी सांगावी, आणि आपण तिथं बसलेलं असताना सांगावी, एवढंच तिला हवं होतं. असं ती म्हणाली नाही. पण मी तिचा लेक आहे, मला कळत होतं.

नेमका त्याच सुमारास माझा गुडघा आडवा आला. ऑपरेशनसाठी लातूरला लेकीकडं गेलो, मायही सोबत आली, आणि आम्ही काही महिने तिकडंच अडकलो. दोस्ताला म्हटलं, तू सुरू कर, आम्ही येतोच.

लातूरलाच तो व्हिडिओ माझ्या फोनवर आला. कुणीतरी कुणाकडून पुढं ढकललेला. आमची गल्ली, आमच्या पायऱ्या, समोर ही गर्दी, आणि दोस्त हात वर करून बोलतोय. सागरगोट्यांचं सांगितलं, शिपायाचं सांगितलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि इथं, या पायरीवर, शिपायानं बंदूक रोखली. त्या चिमुरडीच्या हातातले गोटे तिच्याच रक्तातून घरंगळत खाली आले. तिचं नावसुद्धा इतिहासाला माहीत नाही." बाया डोळे पुसत होत्या. एकीनं पुढं होऊन उंबऱ्यावर झेंडूची फुलं ठेवली.

मी व्हिडिओ पुन्हा लावला. वाटलं, दुसऱ्या कुणाच्या दारातला असेल. पण भिंतीला माझीच सायकल टेकलेली होती.

शेजारच्या खोलीत माय नातीच्या लेकराला वरणभात भरवत होती. घास घास म्हणत होती. मला आधी राग आलाच नाही; फोनचा आवाज तेवढा बंद केला. परक्यानं असं केलं असतं तर मी शिव्या घालून मोकळा झालो असतो. ज्यानं हिच्या हातचं खाऊन अंग धरलं त्यानंच हिला भर गल्लीत मारून टाकलं होतं, आणि वर लोकांकडून फुलं वाहून घेतली होती. राग आला तो रात्रभर उतरला नाही. फोन मात्र केला नाही. असलं तोंडावरच बोलावं.

आम्हाला न्यायला तो स्वतः गाडी घेऊन आला. मायसाठी वाटेतून सीताफळं आणली. अंबाजोगाई गेलं, केज गेलं, तो बोलत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. मांजरसुंब्याला चहाला थांबलो. माय गाडीतच डोळे मिटून बसली होती. हॉटेलच्या बाकड्यावर मी त्याला विचारलं, "मायला कावून मारलंस बे?"

त्याला लगेच कळलं. कप खाली ठेवून म्हणाला, "ऐक तर. पयल्यांदा खरंच सांगितलं. कानफटात बसली, कान गेला. लोकं म्हनले, बरं, मंग पुढं? पुढं काय सांगू? लगीन झालं, लेकरं झाली, पापड लाटले? लोकं फोन बघाया लागले. एक दिवस तोंडातून निघून गेलं. बघतो तर बाया रडायल्या. तवापासून गर्दी बघ तू. आता तिथं पाटी लागनार हाय."

"पाटीवर काय?"

"अनाम बालिका. नाव कुठं घेतो मी? तुझी माय न्हाईच ती. आन् खोटी बातमी उठली की मानसाचं आयुष्य वाढतंय, तुला म्हाईत न्हाई का? कावळा शिवल्यासारखं समज."

कावळ्याचं त्यानं काढायला नको होतं, तेही मांजरसुंब्याला.

आमच्याकडं कावळा डोक्याला शिवला की अपशकुन मानतात. त्यावर उतारा असा, की लांबच्या नातलगाला त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी धाडायची. तिकडं कुणी खरं रडलं की इकडची बला टळते. माझे वडील मूळचे धर्मापुरीचे, घरजावई म्हणून बीडला आलेले. मी शाळेत असताना त्यांना कावळा शिवला. त्यांनी एका ड्रायव्हरच्या हाती धर्मापुरीला आपल्या बहिणीकडं आपणच गेल्याचा निरोप धाडला, आणि काम फत्ते झाल्यासारखे तंबाखू मळत बसले. माय चिडली. निरोप धाडला म्हणून नव्हे, दुसरा धाडायला उशीर लावला म्हणून. "रडू उसनं आनलंय तुमी," ती म्हणाली. "दिवस मावळायच्या आत परत करा." शेजारचा माणूस केजकडं निघाला होता, तो म्हणाला मी सांगतो वाटेत. माय म्हणाली, "न्हाई. ज्यानं पयला धाडला त्यानंच दुसरा धाडायचा. दुसऱ्याच्या तोंडचा लागू व्हत न्हाई." वडील मुकाट्यानं उठून स्टँडवर गेले आणि स्वतः बसमध्ये बसले. गाडी बदलायला मांजरसुंब्याला उतरलेली आत्या त्यांना तिथंच भेटली. रडून रडून तिचा घसा बसला होता. जिवंत भाऊ समोर बघून तिनं आधी चप्पल काढली आणि मग पोटभर भजी खाल्ली. आमच्या घरात ही गोष्ट हसण्यासाठी सांगतात. पण नेम खरा होता, आणि दोस्तानं तो आमच्याच चुलीपुढं बसून ऐकला होता.

मी म्हटलं, "बातमी धाडलीस, लोकं रडली. आता दुसरा निरोप?"

"देतो की," तो म्हणाला. "मुक्तिसंग्राम दिनाला समदे येनार हायेत. मावशीला दारात खुर्चीवर बसवतो. गोष्ट सांगतो आन् शेवटाला सांगतो, ती पोर मेली न्हाई, ही बघा, ही. लोकं उभी राहून टाळ्या वाजवतेन. तुझ्या गळ्याची शप्पथ." त्यानं खरंच माझ्या गळ्याला हात लावला. मग गाडीत मायच्या उजवीकडं जाऊन बसला आणि तिच्या कानाशी म्हणाला, "मावशे, तुझी गोष्ट सांगनार हाय समद्याला."

"सांग बाबा," माय म्हणाली. पुढं बीडपर्यंत ती डोळे उघडे ठेवून बसली.

गोष्टीत तिला मारून टाकल्याचं मी तिला सांगितलं नाही. आता दुरुस्त होणारच आहे, तर कशाला?

मुक्तिसंग्राम दिनाला ती पहाटे न्हाली. पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसली. सागरगोटे बाजारातून आणायला मला आदल्या दिवशी पिटाळलं होतं. ते धुऊन पुसून ठेवले होते. वातानं आखडलेल्या बोटांनी तिनं एकदोनदा उडवून बघितले, झेलता आले नाहीत तेव्हा स्वतःशीच हसली. उन्हातून माणसं येणार म्हणून तांब्या भरून ठेवला, ताटलीत गुळाचे खडे ठेवले.

दोस्त फेटा बांधून लवकर आला. घरातली खुर्ची त्यानं दुसऱ्या कुणाला उचलू दिली नाही. स्वतः आणली, दाराशेजारी ठेवली, थोडी फिरवली, हलवून बघितली, मायला हाताला धरून बसवलं, पदर सारखा केला. तिच्या पायांवर डोकं ठेवलं. माझं मन निवळलं. म्हटलं, चुकला, पण सुधारतोय.

गर्दी गल्लीत मावत नव्हती. पुढारी होते, फोटोवाले होते, पाटीवर पडदा होता. दोस्त पायऱ्यांच्या खालच्या अंगाला उभा राहिला आणि बोलायला लागला. काय बोलला तो त्या दिवशी. माझ्याच घराची गोष्ट, पण माझ्याच अंगावर काटा आला. सागरगोटे आले, शिपाई आला. बंदूक आली. मी थांबलो. म्हटलं, आधी लोकांना रडवेल आणि मग उलगडा करेल. त्याला बोलण्याची खुबी माहीत आहे. मग तो म्हणाला, आपण दोन मिनिटं शांत उभं राहू. लोक उभे राहिले. मी थांबलो. पुढाऱ्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला, 'अनाम बालिका' वाचून टाळ्या पडल्या. लोक उंबऱ्यावर फुलं ठेवू लागले. तो घाम पुसत पाणी पीत होता आणि माझ्याकडं बघत नव्हता.

मी मायकडं बघितलं. ती हसत होती. लोक आपल्या उंबऱ्यावर फुलं ठेवताहेत, टाळ्या वाजवताहेत, हे तिला दिसत होतं, आणि कुणी पुढं आलं की ती मान लववत होती. तेव्हा माझं लक्ष खुर्चीकडं गेलं. खुर्चीची डावी बाजू गर्दीकडं होती; त्या बाजूच्या बोलण्याचा गर्दीत तिला नुसता गलका ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. जो माणूस जन्मभर तिच्याशी उजवीकडूनच बोलला, त्यानं खुर्ची फिरवताना बहिरा कान आपल्याकडं करून ठेवला होता. चुकून नव्हे. त्या बाबतीत त्याला चुकता आलंच नसतं.

मी पुढं झालो. तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात कॉलेजातली एक मुलगी मायच्या उजवीकडं जाऊन खाली बसली होती. तिचे डोळे रडून लाल झाले होते. "आजी," ती म्हणाली, "तुम्ही इथल्याच ना? मग त्या मुलीला तुम्ही ओळखत होता का?"

"कोन्त्या पोरीला?"

"जी इथं गेली ती. सागरगोटे खेळताना गोळी लागून. आत्ता सरांनी सांगितलं ना."

मायच्या ओटीत सागरगोटे होते. तिनं त्यांच्यावर हात ठेवला. मग हळूच मान वळवून दोस्ताकडं बघितलं. त्यानं मुलीला तिथं बसलेलं बघितलं होतं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पेला हातात तसाच होता. मग तिनं मान परत मुलीकडं केली.

"व्हय," ती म्हणाली. "वळखत व्हते. लई धीट व्हती." आणि ताटली पुढं केली. "घे, गूळ खा, पानी पी. उन्हातून आलीस."

माझं तोंड उघडं होतं ते मिटलं. आता मी ओरडून काय सांगणार होतो? की ही माझी माय खोटं बोलतेय? दोस्तानं दगा दिला होता, पण त्या घटकेला मला वाटलं, मायनंही मला एकटं पाडलं. मी तिच्यासाठी भांडायला निघालो होतो, आणि ती त्याच्या बाजूला जाऊन बसली होती.

माणसं गेल्यावर मी तिच्यावर ओरडलो. "कावून तसं बोललीस?"

ती लुगड्याची घडी घालत होती. "चारचौघांत पोराला खोटं पाडू का? माझ्या हातचं जेवलाय त्यो."

"मंग मी पाडतो. उद्या स्टँडवर जाऊन पुकारतो."

"तू न्हाई," ती म्हणाली. "त्यानं उठवली, त्यानंच मोडायची. दुसऱ्याच्या तोंडची लागू व्हत न्हाई."

स्टँडवर गाडीचा फलाट बदलला तर मी पुन्हा पुकारायचो. पहिल्या पुकाऱ्यावर विश्वास ठेवून माणसं पिशव्या घेऊन उभी असतात. त्यांना तसंच उभं ठेवून गप्प बसणं हे माझ्या लेखी पाप आहे. दोस्त मात्र गप्प बसला. काही दिवसांनी आला, मायच्या उजवीकडं बसून पावसापाण्याचं बोलला. मायनं चहा केला, खाऱ्या दिल्या. ती वाट बघत होती, मला दिसत होतं. कप धुवायलासुद्धा उठली नाही. त्यानं चहा संपवला, येतो म्हणाला आणि गेला. दारात मला म्हणाला, "बघ, मावशीला कळतंय. तुलाच कळत न्हाई." पुढच्या रविवारी त्यानं गोष्टीत एक वाक्य वाढवलेलं मी ऐकलं: त्या बालिकेला ओळखणारी एक वृद्धा आजही या घरात राहते. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही.

माय आता रविवारी सकाळी दारात बसत नाही. गल्लीच्या तोंडाशी गलका ऐकू आला की ती स्वतःहून उठते. पहिल्यांदा मी तिला हाताला धरून थांबवलं तेव्हा म्हणाली, "मेलेल्या मानसानं दारात बसू न्हाई. लोकं भितेत." तिनं हे हसत सांगितलं. मला हसता आलं नाही.

ती आत येते, दार लोटून घेते आणि भिंतीला उजवा कान लावून बसते. बाहेर तो सांगत असतो. सागरगोटे येतात, शिपाई येतो, बंदूक येते. ती डोळे मिटून सगळं ऐकते. मग बाहेर शांत होतं, आणि ती मला विचारते, "रडली का लोकं?"

मी खिडकीच्या फटीतून बघतो. "रडली."

"मंग आता सांग म्हनावं त्याला," ती म्हणते, आणि कान भिंतीला तसाच ठेवून बसून राहते. तोवर बाहेरची पावलं नदीकडं निघालेली असतात.